नववा खिळा

यासीनचाचांनी माझ्या नव्या कोऱ्या सायकलच्या घंटीला पेचकस लावला तेव्हा मला वाटलं, सैल असेल, आवळत असतील. पण त्यांनी दोन्ही स्क्रू काढले, घंटी हँडलवरून उतरवली, तिला दोरा बांधला, दोऱ्यात माझ्या नावाची चिठ्ठी ओवली आणि भिंतीवरच्या पाचव्या खिळ्याला ती अडकवून टाकली.

"चाचा, घंटी?"

"शेवटचा हप्ता दिला की मिळंल."

"आणि तोवर?"

"तोवर तोंड हाय की, सर. बाजू बाजू म्हनायचं." ते हसले. "समद्यास्नी सारखाच नियम हाय. तालुक्याच्या डाक्टरनं घेतली तवा त्याची बी घंटी हितंच हुती."

ही चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. बार्शीत कापड गल्लीच्या तोंडाशी यासीन तांबोळी यांचं सायकलचं दुकान होतं. व्याज घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, त्यामुळे सायकल रोखीनं घ्या नाहीतर बारा हप्त्यांत, किंमत एकच, चारशे ऐंशी. जामीन नाही, कागद नाही, अंगठा नाही. फक्त घंटी ठेवून घ्यायचे. भिंतीवर आठ खिळे होते, कारण त्यांच्या भांडवलात एका वेळी आठच सायकली उधारीवर जाऊ शकत. एखाद्याचा शेवटचा हप्ता आला की चाचा स्वतःच्या हातानं घंटी बसवायचे, सायकल रस्त्यावर आणून ती तीनदा वाजवायचे. समोरच्या पिठाच्या गिरणीतून नागनाथ ओरडून विचारायचा, "कुणाची फिटली, चाचा?" चाचा नाव सांगायचे. सगळी गल्ली ऐकायची. मग रिकाम्या खिळ्यासाठी रांगेतल्या पुढच्या माणसाचा नंबर लागायचा.

आता माझा नातू फोनवर बोट फिरवून बिनव्याजी हप्त्यानं सायकल घेतो. परवाच घेतली. तिला घंटीच नव्हती. ती वेगळी विकत घ्यावी लागते म्हणे. "मागवू का, आजोबा?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी घाईघाईनं नको म्हणालो, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या या प्रकरणामुळे. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. विश्वंभर हिंगमिरे, प्राथमिक शिक्षक, नुकताच कायम झालेला. शाळा बार्शीपासून सात किलोमीटरवर एका वाडीत. सायकल नसती तर नोकरी करणं कठीणच होतं. तेव्हा चाचांचे उपकार मानायला हवे होते, पण मला त्या घंटीनं पछाडलं. गावात बिनघंटीची सायकल दिसली की लोक समजायचे, ही तांबोळ्याची, अजून फिटायची आहे. बाकीच्या सात जणांना त्याचं काही वाटत नव्हतं. भाजीवाला सिद्राम तर "हटा हटा, उधारीची गाडी आली" असं ओरडत बाजारातून जायचा आणि लोक हसत वाट द्यायचे. मला ते जमेना. मी मास्तर होतो. माझे वडील अडतीवर दिवाणजी होते आणि घरी खायला नसलं तरी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडायची त्यांची रीत माझ्या अंगात मुरली होती. रस्त्यात म्हैस आडवी आली तर मी ओरडायच्या ऐवजी खाली उतरायचो.

मी एकटाच भाड्याच्या खोलीत राहायचो. डबा इंदुबाई ढावऱ्यांचा. चाळिशीच्या बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तेरा घरचे डबे डोक्यावरच्या पाटीतून पोचवायच्या. माझा उपास असला तर भगर माझ्यासाठी वेगळी शिजवायच्या आणि त्याचे पैसे लावायच्या नाहीत. एकदा माझ्या सायकलकडे बघत म्हणाल्या, "सर, मला यील का ओ ही चालवायला?"

दर रविवारी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मोकळ्या मैदानात मी त्यांना माझ्या सायकलवर शिकवलं. नऊवारीचा काचा घट्ट मारून त्या बसायच्या आणि पडल्या की आधी सायकलला काही झालं का ते बघायच्या. चार रविवारांत शिकल्या. त्यांनी शिकायचं ठरवलं त्याला कारण होतं. जिनिंग फॅक्टरीचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा, आणि तिथल्या मॅनेजरनं त्यांना बावीस डब्यांचं काम देऊ केलं होतं. अट एवढीच, की बाराच्या ठोक्याला डबे गरम पोचले पाहिजेत. फॅक्टरी गावापासून तीन मैल. पायी ते होण्यासारखं नव्हतं. दसऱ्याला सायकल नसली तर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार होतं.

त्यांनी चाचांकडे नाव घातलं. रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता. आणि आठांतली सगळ्यात आधी फिटणारी सायकल माझी.

"सर, किती र्‍हायले तुमचे?" त्या डबा ठेवताना विचारायच्या.

"तीन, बाई. डिसेंबरात संपतील."

"आन दसरा तर आक्टोबरात." त्या जरा थांबायच्या. "बगू. तवर मॅनेजर थांबला तर थांबला."

माझ्या पेटीत दोनशे रुपये होते. लग्नात घालायच्या सुटाचे. तीन हप्त्यांचे एकशेवीस त्यातून निघाले असते, हे मला माहीत होतं.

लग्न ठरत आलं होतं. मुलगी महानंदा, उकरंडे अण्णांची. अण्णांचं किराणा मालाचं घाऊक दुकान होतं सोलापुरात. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते मुलगा राहतो कसा हे बघायला यायचे होते. पहिल्या भेटीतच ते हसत हसत म्हणाले होते, "मास्तर, आमच्या घरात एकच दंडक आहे. उधारी घेणाराला माल देत नाही आणि मुलगी पण देत नाही." सगळे हसले होते. मी सुद्धा हसलो होतो.

आदल्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी सोलापूरला गेलो होतो, तिथून सहा रुपयांना एक घंटी घेतली. चांगली चकचकीत. मनाशी ठरवलं होतं, फक्त रविवारपुरती लावायची आणि सोमवारी काढून ठेवायची.

रविवारी अण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म. खोली बघितली, पुस्तकं बघितली, माठावरचं झाकण उचलून पाणी बघितलं. मग दाराशी टेकवलेल्या सायकलजवळ गेले आणि अंगठ्यानं घंटी वाजवली.

"सायकल छान आहे. रोखीनं घेतली का?"

"हो," मी म्हणालो. मी असं काही म्हणायचं ठरवलेलं नव्हतं.

तेवढ्यात इंदुबाई डबा घेऊन आल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. पाटी उतरवताना त्यांची नजर हँडलवर गेली आणि त्या तिथंच थबकल्या.

"सर, घंटी आली?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. बाईही माझ्याकडे बघत होत्या. बाईंचा चेहरा असा उजळला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"हो. आली."

"कवा वाजवली ओ चाचांनी? मला कशी कळली न्हाई?"

"काल सकाळी लवकर. शाळेला जाताना. दुकानं उघडली नव्हती तेव्हा."

एवढं खोटं मला इतक्या सहज कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं. बाईंनी दोन्ही हात जोडले, मला नव्हे, वर बघून. "बरं झालं बाई. दसऱ्याच्या आत झालं," म्हणाल्या. पोळ्या वाढल्या, तूप वाढलं आणि पाटी तशीच ठेवून जवळजवळ पळत गेल्या.

"काय आली म्हणत होत्या त्या?" अण्णांनी विचारलं.

"घंटी. दुरुस्तीला दिली होती."

अण्णांनी पोळी मोडली. "पोळी झकास आहे," म्हणाले. लग्न ठरलं.

सोमवारी मी घंटी काढली नाही. काढली असती तर बाईंना काय सांगणार होतो? मंगळवारी पण काढली नाही. चाचांच्या दुकानावरून जाणं टाळायला मात्र लागलो. तेलगिरणीच्या मागून वळसा घालून शाळेला जायचो, शेणाच्या उकिरड्यातून. बाई चाचांकडे जाणार, चाचा भिंतीकडे बघणार, पाचव्या खिळ्यावर माझी घंटी असणार. मग काय होणार, हे माझ्या डोळ्यांपुढे दिवसातून दहादा यायचं. भर बाजारात चाचा मला हाक मारतील. नागनाथ गिरणीतून ऐकेल.

तसं काही झालं नाही. बुधवारी दुपारी इंदुबाई सायकलवरून आल्या. सायकल हिरवी होती, मागे मोठं कॅरिअर, साखळीला पत्र्याचं झाकण. ती मी ओळखली. अख्ख्या बार्शीनं ओळखली असती. चाचांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली, ते रोज घरून दुकानात यायचे ती सायकल होती ती. हँडलवर घंटी नव्हती.

"नव्या सायकली अजून आल्या न्हाईत म्हनं," बाई सांगत होत्या. "चाचा म्हनले, तवर माजी चालवा. नवी आली की बदलून नेऊ. हप्ता बी तवापासूनच." मग त्यांनी कॅरिअरवरचा एक छोटा डबा काढून माझ्या हातात दिला. "खीर हाय, गव्हाची. तुमी लवकर फेडलं म्हनून माजा नंबर लागला, सर. न्हाईतर कुटलं जिनिंग आन कुटलं काय."

खीर अजून कोमट होती. वर खोबरं, खसखस. मी ती खाल्ली. सगळी खाल्ली, डबा धुऊन परत दिला. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं असतं तर मी पुष्कळ वर्षं या खिरीचं नाव सांगितलं असतं.

पाच ऑक्टोबरला हप्ता द्यायला मी चालत गेलो. चाचा बाकावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांचा उजवा गुडघा जुना दुखरा, आणि घर तांबोळी मळ्यात, दुकानापासून दोन मैलांवर.

"या, सर. चालत?"

"जवळच आलो होतो."

"चालनं बरं आसतं. मी बी चालतोय हल्ली."

मी चाळीस रुपये पुढे केले. त्यांनी मोजले, वहीत मांडले. माझी नजर आपसूक भिंतीवर गेली. आठ खिळ्यांच्या पुढे एक नवीन खिळा ठोकला होता. त्याच्या भोवतीचा चुना ताजा उडालेला. त्यावर एक जुनी, घासून पिवळी पडलेली घंटी होती आणि दोऱ्याला चिठ्ठी, 'इंदुबाई'. पाचव्या खिळ्यावर माझी घंटी होती तशीच होती. तिच्यावर धूळ नव्हती. चाचा रोज सकाळी सगळ्या घंट्या फडक्यानं पुसायचे.

"चाचा, हा नववा खिळा..."

"भिंत मोठी हाय, सर." ते वहीतच बघत होते. "बाई आल्या हुत्या. म्हनल्या, सरांची घंटी आली, आता माजा नंबर. लई खुशीत हुत्या. मी म्हनलं, व्हय, आली आसंल. बावीस डब्यांचं काम हाय त्यांचं. दसरा कुनासाटी थांबत न्हाई."

त्यांनी पावती फाडून माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि निघून आलो. घरी येऊन पेटी उघडली, दोनशे रुपये बाहेर काढले आणि पुन्हा आत ठेवले. शिंप्याला कापडाचा शब्द दिला होता. आणखी दोनच तर हप्ते आहेत, मी स्वतःला म्हणालो. चाचांनी स्वतःच्या मर्जीनं दिली आहे सायकल, असंही म्हणालो. हे म्हणताना मला माझाच राग येत होता, पण पेटीला कुलूप लावायला तो आड आला नाही.

दसरा झाला. जिनिंग सुरू झालं. हिरवी सायकल बाराच्या आधी फॅक्टरीच्या दारात उभी असायची, आणि इंदुबाई तिला "हिरवी" म्हणूनच हाक मारायला लागल्या होत्या. मी जरा सैलावलो. सगळं सुरळीत चाललं आहे असं मला वाटायला लागलं.

मग दिवाळीच्या आधीची एक संध्याकाळ. शाळा सुटल्यावर मी परत येत होतो. माझा शाळेचा रस्ता तांबोळी मळ्याच्या बाजूनं जायचा. पुढे उसाची एक गाडी होती आणि गाडीमागे रस्त्याच्या मधून एक म्हातारा माणूस चालला होता, हातात पिशवी, एक पाय ओढत. माझं लक्ष गाडीकडे होतं. उजवीकडून काढावी का डावीकडून, या विचारात माझा अंगठा सवयीनं घंटीवर गेला आणि मी ती वाजवली. दोनदा, जोरात. महिन्याभरात मला तिची चांगलीच सवय झाली होती.

म्हातारा मागे न बघता घाईघाईनं बाजूला झाला. रस्ता सोडून खालच्या मातीत उतरला, उतरताना त्याचा पाय मुरगळला, तोल सावरायला त्यानं बाभळीच्या फांदीला धरलं. मी जवळून गेलो तेव्हा ओळखलं. यासीनचाचा होते.

त्यांनी वर बघितलं. आधी घंटीकडे, मग माझ्याकडे.

"सलाम, सर," म्हणाले.

मी उतरलो नाही. पायडल मारत राहिलो. पुढच्या पुलापाशी मात्र मी उतरलो आणि सायकल कठड्याला टेकवली. मास्तर म्हणून मी वाडीतल्या पोरांना खरं बोलावं असं फळ्यावर लिहून देत होतो, आणि ज्याच्या सायकलवर मी बसलो होतो त्या माणसाला मी खोट्या घंटीनं रस्त्यावरून खाली उतरवलं होतं. तिथंच खिशातल्या चाकूनं स्क्रू सैल केले. घंटी ओढ्यात टाकणार होतो, पण पुलाखाली बायका धुणं धूत होत्या. मी ती पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी चाचांच्या दुकानात गेलो. या खेपेला सायकल घेऊन. सुटाच्या पैशांतले ऐंशी रुपये त्यांच्या पुढे ठेवले.

"दोन्ही एकदम?"

"हो, चाचा. चाचा, मी..."

"थांबा." त्यांनी नोटा मोजल्या. वहीत मांडल्या, माझ्या नावाखाली आडवी रेघ ओढली. मग भिंतीशी गेले, पाचव्या खिळ्यावरून घंटी उतरवली, दोरा तोडला आणि पेचकस घेऊन सायकलपाशी वाकले.

हँडलवर सोलापूरच्या घंटीच्या पट्टीचा ठसा उमटला होता. बाकीच्या हँडलवर महिन्याभराची धूळ आणि घाम, आणि मधे बोटभर रुंदीचा लख्ख पट्टा. मी सायकल पुसून आणायला विसरलो होतो. चाचांनी त्या पट्ट्यावर एकदा अंगठा फिरवला. मग बरोबर त्याच्यावरच आपली घंटी बसवली, ठसा पूर्ण झाकला जाईल अशी, आणि स्क्रू आवळले.

"बसली," ते म्हणाले.

त्यांनी सायकल रस्त्यावर घेतली. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. आता ते तीनदा वाजवणार. नागनाथ विचारणार, कुणाची फिटली? आणि गल्लीला कळणार की मास्तरांची आज फिटली. मग महिनाभर वाजत होती ती कुणाची, हेही लोक विचारणार. ते व्हायला हवं होतं. मी मनातून तयार झालो होतो, निदान मला तसं वाटत होतं.

चाचांनी डावा पंजा घंटीवर ठेवला, अख्खी वाटी झाकली जाईल असा, आणि उजव्या अंगठ्यानं कळ दाबली. तीनदा. आतल्या आत नुसता ठक ठक ठक असा आवाज आला. माझ्यापर्यंत आला, गिरणीपर्यंत गेला नाही.

तरी नागनाथनं त्यांना सायकलपाशी बघितलं होतं. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून तो दारात आला.

"काय चाचा, कुणाची घंटी?"

"सरांची," चाचा म्हणाले. "सैल झाल्ती. आवळली."

त्यांनी सायकल माझ्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकत पायरी चढले. त्या दिवशी शाळेपर्यंतचे सात किलोमीटर मी सायकल हातात धरून चालत गेलो. घंटा होऊन गेली होती. पोरं बाहेर खेळत होती, आणि "सर, पंक्चर का?" असं त्यांतल्या एकीनं विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो.